काहीतरी मोठं येतंय, पण सांगायचं नाही

अभिनंदन. चित्रपट पुरा झाला, सेन्सॉरचं सर्टिफिकेट हातात पडलं आणि गावची जमीन विकून आलेले पैसे डबिंगच्या शेवटच्या आठवड्यात संपले. प्रसिद्धीसाठी आता मेहुण्याची गाडी, पुतण्याचा मोबाइल आणि ठाण्यातल्या चार ओळखी एवढंच भांडवल उरलंय. घाबरू नका. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने रहस्य बाळगावं. हॉलिवूडवालेही बाळगतात, फक्त ते रहस्यावरसुद्धा पैसे खर्च करतात.

सुरुवात होर्डिंगने करा. तीन हात नाक्याला काळा फ्लेक्स, त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोनच शब्द: ‘तो येतोय.’ नाव नाही, चेहरा नाही. ही युक्ती सिद्ध झालेली आहे. २००७ च्या जुलैत अमेरिकेत ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या आधी एक टीझर दाखवला गेला. घरगुती कॅमेऱ्यावरची पार्टी, मग स्फोट, मग स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचं मुंडकं रस्त्यावर येऊन आदळतं. शेवटी चित्रपटाचं नावच नाही, नुसती तारीख: १८ जानेवारी २००८. लोक महिनोन्‌महिने नाव शोधत बसले. ते निघालं ‘क्लोव्हरफील्ड’.

आपल्याकडे अडचण एवढीच, की ठाण्यात बारा महिने कोणी ना कोणी येतच असतं. तुमच्या फ्लेक्सखाली सिग्नलला शेअर रिक्षा थांबेल. मागचा एक जण विचारेल, “कोण येतोय हो?” रिक्षावाला मान न वळवता म्हणेल, “इलेक्शन आलं असेल.” शेजारच्या बाई म्हणतील, “नाही ओ, घोडबंदरला नवीन टॉवर असणार. ते पण आधी असंच लावतात.” कोपऱ्यात अर्धा बाहेर बसलेला चौथा म्हणेल, “मेट्रो असेल,” आणि सगळे खो खो हसतील. सिग्नल सुटेल. हिरमुसू नका, चर्चा झाली ना? बझ म्हणतात तो हाच. दुसऱ्या दिवशी तुमच्या फ्लेक्सवर कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढेल, ‘तो’ दिसेनासा होईल आणि त्याच्या जागी हात जोडलेले भाऊ दिसतील. आता लोकांना खात्रीच पटेल, की येणारा तो हाच होता.

तारखेचंही जपून. अमेरिकेत नाव लपवून तारीख सांगितली. तुमच्याकडे नाव आहे, तारीख नाही. कारण तुम्ही ठरवलेल्या शुक्रवारी एखादा मोठा हिंदी चित्रपट येऊन बसतो, तुम्ही पुढे सरकता, तिथे दाक्षिणात्य डब केलेला येतो. म्हणून पोस्टरवर ‘लवकरच’ छापा. हा एक शब्द मराठी निर्मात्याला कधीही खोटा पाडत नाही.

कुणी जुनाजाणता मध्येच दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण देईल. त्याचं ऐकू नका. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. पुढे सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये झाला, असं सांगतात. फाळक्यांनी काय करावं? जाहिरात दिली: ५७,००० फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं फक्त तीन आण्यांत. गल्ला तीनशेवर गेला म्हणतात. म्हणजे या गृहस्थाने काही म्हणता काही लपवलं नाही! लांबी सांगितली, नग सांगितले, भाव सांगितला, पाटावरच्या भाजीवाल्यासारखा. आता खोडसाळपणा म्हणून हिशेब करा: एका फुटात १६ फोटो, म्हणजे ५७,००० फोटोंना साधारण साडेतीन हजार फूट लागतात, आणि चित्रपटाची लांबी नोंदवलेली आहे ३,७०० फूट. फोटोंचा आकडा बऱ्यापैकी जुळतो. पण मैल असतो ५,२८० फुटांचा. दोन मैल सोडा, पाऊणसुद्धा धड भरत नाही. भारतीय सिनेमाच्या जनकाने पहिल्याच चित्रपटाला मैलभराच्या वर वाढवून सांगितलं, तेव्हा तुम्ही ‘महाराष्ट्राला वेड लावणारा टीझर’ लिहायला कशाला लाजता? टीझर पाहणाऱ्यांत तुमचे काका-मामा धरले तरी चालतात.

आता व्हायरलकडे वळू. १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने तीन विद्यार्थी जंगलात हरवले असं भासवलं. वेबसाइटवर बनावट पोलीस तपास टाकला, सनडान्स महोत्सवात ‘बेपत्ता’ची पत्रकं वाटली, नटांना मुलाखतींपासून दूर ठेवलं. इतकं, की नायिकेच्या आईला सांत्वनाची पत्रं यायला लागली. तुम्हीही तुमच्या नायकाचं ‘हरवले आहेत’ पत्रक ठाणे स्टेशनात लावा. दोन गोष्टी होतील. एक, रेल्वे पोलीस तुम्हाला चौकीत बसवून ठेवतील आणि विचारतील की तक्रार कुठे नोंदवली. दोन, पत्रक कोणी वाचणार नाही, कारण त्याच्या उजवीकडे मूळव्याध आहे आणि डावीकडे बाबा बंगाली. खरं विचाराल तर रहस्याच्या धंद्यात या बाबांना गुरू करायला हवं. लोकलच्या डब्यात तळहाताएवढा कागद चिकटवतात, ‘मनचाहा प्यार’, खाली एक नंबर. ना टीझर, ना ट्रेलर, ना इव्हेंट. वर्षानुवर्षं चालू आहे.

‘द डार्क नाइट’च्या वेळी, २००७ मध्ये, लोकांना वेगवेगळ्या शहरांतल्या बेकऱ्यांत पाठवलं होतं. तिथे केक मिळायचा, त्यावर फोन नंबर लिहिलेला. नंबर लावला की केकच्या पोटातच फोन वाजायचा. हे गोखले रोडवर करून बघायला हरकत नाही, मात्र मोबाइल तुमचा असू देऊ नका. परत मिळणार नाही, आणि केक अंड्याचा की बिनअंड्याचा यावर जो वाद होईल त्यात चित्रपटाचं नाव कुठल्या कुठे वाहून जाईल.

वेषांतराचा खर्च मात्र वाचवा. २००९ मध्ये ‘थ्री इडियट्स’साठी आमिर खान वेष बदलून देशभर फिरला आणि आपण कुठे आहोत याचे धागेदोरे लोकांना पुरवत राहिला. तुमचा नायक राम मारुती रोडवर भर संध्याकाळी स्वतःच्या चेहऱ्याने, स्वतःच्या पोस्टरखाली उभा राहिला तरी त्याला लोक एवढंच विचारतील, “भाऊ, गाडी तुमची आहे का? जरा पुढे घ्या.”

मग लीक. स्वतःच्याच चित्रपटातला एक धूसर फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका आणि लगेच ‘हा प्रकार निषेधार्ह आहे, कृपया पुढे पाठवू नका’ असं निवेदन काढा. लोक इतके कायदेपालक निघतील की खरंच पुढे पाठवणार नाहीत. फोटोच्या वर ‘टँकर आला का?’ आणि खाली ‘सी विंगची लिफ्ट परत बंद’. शेवटी तुम्हालाच मेहुण्याला फोन करून सांगावं लागेल, “बाबा रे, तो लीक झालेला फोटो जरा व्हायरल कर.”

तरी हार मानू नका. घोषणा करत राहा. उद्या सकाळी ११ वाजता पोस्टरची तारीख जाहीर, परवा पोस्टर, तेरवा मोशन पोस्टर, मग टीझरचा टीझर. रीलवाल्या मुलांना बोलवा. चित्रपट न बघता ‘अंगावर काटा आला’ म्हणायचा त्यांचा दर वेगळा असतो, बघून म्हणायचा वेगळा. दुसरा महाग पडतो, त्यात त्यांचे अडीच तास जातात. आणि सहा महिने सगळं झाकून ठेवल्यावर तीन मिनिटांच्या ट्रेलरमध्ये मध्यंतर, खून, खुनी आणि आईचं रडणं सगळं एकदाचं दाखवून मोकळे व्हा. सगळे तसंच करतात.

कुणी म्हणेल, कटप्पाचं काय? खरं आहे. १० जुलै २०१५ ते २८ एप्रिल २०१७, जवळजवळ पावणेदोन वर्षं अख्खा देश एकमेकांना विचारत होता, की कटप्पाने बाहुबलीला का मारलं. त्या प्रश्नाला होर्डिंग लागलं नाही. पण त्यात एक गैरसोय आहे. प्रश्न पडण्याआधी लोकांनी अख्खा पहिला भाग पाहिला होता आणि मेलेल्या माणसाबद्दल त्यांना वाईट वाटलं होतं. हे करायला पटकथा लागते, वेळ लागतो, शिवाय पटकथेचं मोशन पोस्टर बनत नाही. तुम्ही या भानगडीत पडू नका.

प्रदर्शनाच्या आठवड्यात तर रहस्य कळसाला पोहोचतं, आणि तेही फुकट. शो कुठे लागलाय हे गुरुवार रात्रीपर्यंत दिग्दर्शकालाही कळत नाही. सरकारने २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवण्याची सक्ती जाहीर केली. त्यावर गदारोळ झाला आणि प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असं ठरलं. तेव्हा तुम्हाला मंगळवारी दुपारी साडेबाराचा शो मिळाला तर कुरकुर करू नका, तो प्राइम टाइमच आहे. सकाळची फास्ट पकडून गेलेलं ठाणं त्या वेळी फोर्टात डबा उघडत असतं, एवढंच.

चौथ्या दिवशी शो उतरले तरी खचू नका. उलट एक काळजी मिटली: शेवट फुटण्याची. तो तुम्हाला, संकलकाला आणि आठ प्रेक्षकांना ठाऊक आहे, आणि त्या आठांतले तीन तुमच्या सासरचे आहेत.

आता ओटीटीवाल्यांना फोन लावा. अंधेरीच्या ऑफिसात एसीखाली एक पंचवीसेक वर्षांची मुलगी समोर बसेल, लॅपटॉप उघडेल. तुम्ही काळं पोस्टर पुढे सरकवाल आणि खालच्या पट्टीत म्हणाल, “काहीतरी मोठं आहे.” ती ते बाजूला ठेवेल आणि विचारेल, “सर, स्टोरी काय आहे? एका ओळीत.” तिथे गूढ हसून भागत नाही, ती टाइप करायला बसलेली असते. एक ओळ घरूनच लिहून न्या. सुचत नसेल तर मेहुण्याला विचारा, त्या आठांत तो होता.