घरची कामं कोण करतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, माहितीच्या पुरात वाचन टिकवायचं तर पहाटे तासभर वाचा आणि फोनवरचे ग्रुप सोडा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा गप्प झालो. "पहाटे तासभर वाचा असं सांगणाऱ्यांच्या घरची कामं दुसरंच कुणीतरी करत असतं," असं तुम्ही लिहिलंय. खरं आहे. ज्या तासाचं मी एवढं कौतुक केलं, त्या तासात मुलीला उठवून, आवरून शाळेत धाडण्याचं काम माझी बायको करत होती. लेखात तिचं नावही नव्हतं. तो परिच्छेद मी मागे घेतो. (तिनं तुमची प्रतिक्रिया मला मोठ्यानं वाचून दाखवली, हेही सांगून टाकतो.)

कामाचे ग्रुप सोडता येत नाहीत, हेही मान्य. ते राहू द्या.

"माहितीचा पूर हे जुनंच रडगाणं आहे," हे मात्र मला अर्धंच पटतं. फार पुस्तकांनी मन भरकटतं, अशी तक्रार रोमन तत्त्वज्ञ सेनेकानं जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी एका पत्रात केली होती, आणि तेव्हा तर प्रत्येक प्रत हातानं उतरवावी लागे. पण तेव्हाच्या पुस्तकाच्या गुंडाळीला शेवट होता. वर्तमानपत्रालाही शेवटचं पान असतं; ते आलं की आपण घडी घालतो आणि उठतो. फोनवरच्या पानाला तळच नाही. वर सरकवत राहा, खालून नवं उगवत राहतं. ही रचना २००६ मध्ये एझा रास्किन या डिझायनरनं केली, आणि पुढे त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला. माझा सगळा मुद्दा या शेवटाचा आहे. मागच्या लेखात तो वेळापत्रकाखाली दडपला गेला.

तुम्ही विचारता, "मी दिवसभर फोनवर वाचतेच की, ते वाचन नाही का?" आहे. पण तिथं दर दोन ओळींनी काहीतरी ठरवावं लागतं: उघडू की सोडू, आत्ता की मग, कुणाला पाठवू? माणूस वाचून दमत नाही, या ठरवण्यानं दमतो. शिवाय अर्धवट सोडलेलं डोक्यातून लगेच जात नाही. काम मध्येच टाकून दुसरं हाती घेतलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, असं संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं. पुस्तक एकदाच निवडावं लागतं. उद्या खूण काढायची आणि पुढं वाचायचं.

मग वेळ? इंग्रजी मूकवाचनाच्या १९० अभ्यासांवरून मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये कथा-कादंबऱ्या सोडून इतर मजकुरासाठी मिनिटाला सरासरी २३८ शब्द असा वेग काढला. मराठीत शब्दांना प्रत्यय चिकटून येतात, त्यामुळे शब्दांचा हिशेब थोडा वेगळा पडेल. आपण दीडशेच धरू. पंधरा मिनिटांत सव्वादोन हजार शब्द होतात. साठ हजार शब्दांचं पुस्तक सत्तावीस दिवसांत हातावेगळं. ही पंधरा मिनिटं सलग मिळाली तर उत्तम, पण तुमच्या घरी ती पाच-पाचच्या तुकड्यांत मिळत असतील, तरी पुस्तक चालतं. ते रुसत नाही.

आणि "सवडीनं वाचू" म्हणून साठवलेल्या लेखांची यादी असेल, तर ती आधी पुसा. माझ्या यादीत सहाशेच्या वर लेख होते. पुसताना पोटात गोळा आला होता. आता त्यातला एकही आठवत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, "या महिन्यात तुम्ही स्वतः किती पुस्तकं वाचलीत?" एक, तेही अजून सत्तर पानं बाकी आहे. सकाळचं शाळेचं काम आता माझ्याकडे आलंय, त्यामुळे रात्री वाचतो.