योगाइला म्हणजे योगी नव्हे

जर्मनीत राहणाऱ्या माझ्या भावाला मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून वहिनीनं मदतीला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी एक यादी पाठवली: 'लिथुआनियन आणि जर्मन नावं मुळात वैदिकच! योगाइला म्हणजे योगी, इंद्रे म्हणजे इंद्राणी, हेरमान म्हणजे हरिमान. आपले पूर्वज तिकडे गेले, रक्त एकच. खुद्द विल्यम जोन्सनं संस्कृतला श्रेष्ठ म्हटलंय.' नातेवाइकांच्या गटांत हे गेलं की मी सोडून देत असे. आता बाळाच्या नावापर्यंत आलंय, तेव्हा गप्प बसणार नाही.

योगाइला लिथुआनियाचा ग्रँड ड्यूक, म्हणजे तिथला राज्यकर्ता. 1386 साली बाप्तिस्मा घेऊन तो पोलंडच्या गादीवर बसला. त्याच्या नावातला 'यो' घोड्यावरून जाण्याच्या क्रियापदातला आणि 'गाइल' म्हणजे जोरकस, अशी फोड तिथले अभ्यासक करतात. तिथल्या राजघराण्यांत नावं अशीच दोन तुकडे जोडून होत. वितौतास या तिथल्याच नावातला 'तौत' म्हणजे लोक, आणि जर्मन डीट्रिशमधला 'डीट' त्याचाच भाऊबंद. एवढं सुंदर, खरं नातं समोर असताना यादीवाल्यांना ते दिसलंच नाही!

इंद्रे म्हणजे पाणथळीतला बोरू. हेरमान म्हणजे सैन्यातला माणूस. हरीचा काही संबंध नाही.

थोडं खरं आहे, ते नाकारत नाही. लिथुआनियन नावांतली रासा म्हणजे दंव, ती आपल्या 'रस'ची नातलग. आउश्रा म्हणजे पहाट, तिचं उषेशी नातं आहे. पण बहिणीला आई ठरवू नका. ज्या जोन्सचा दाखला देता, त्या ब्रिटिश भाषापंडितानं 1786 साली कलकत्त्यात संस्कृतची स्तुती केली आणि लगेच पुढे म्हटलं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचा उगम एकाच मूळ स्रोतात असावा, जो कदाचित आता उरलेलाही नाही. हे पुढचं वाक्य यादीतून गाळलंय.

सगळ्यात चीड येते ती 'रक्त एकच' याची. रक्त ठरवून त्यावरून नाव लादण्याचा कायदा नाझी जर्मनीत खरोखर झाला होता. ज्यांच्या नावावरून ज्यू असल्याचं कळत नव्हतं, त्या ज्यू पुरुषांना नावापुढे 'इस्राएल' आणि बायकांना 'सारा' जोडायची सक्ती 1938 च्या हुकमानं झाली, कारण साध्या जर्मन नावांतून काहीच ओळखू येत नव्हतं. मारबुर्गचा तत्त्वज्ञ हेरमान कोहेन ज्यू होता. तुमच्या यादीप्रमाणे तो हरिमान, आपल्याच रक्ताचा. तो 1918 साली गेला. त्याची बायको मार्था 1942 साली टेरेझिनश्टाटच्या छळछावणीत मेली.