रेफरी नंबर दोन आणि मोठे बाबा

कपाशीच्या वावरात पतंग मोजणाऱ्या माणसाला गावात फारशी इज्जत नसते. पुसदच्या बाजूला आमचं गाव. तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचं आणि हंगामात सकाळी मोटारसायकलला किक मारायच्या आधी वावरातले कामगंध सापळे तपासायचे, हा माझा क्रम. सापळ्यात ल्युर नावाची रबरी गोळी असते, तिला गुलाबी बोंडअळीच्या मादीचा वास असतो. नर लग्नाच्या आशेने येतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत जातात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग निघाले की फवारणीची वेळ झाली असं समजायचं. २०१७ साली ही अळी बीटी कपाशीलाही जुमानेना, बोंडं आतून पोखरून निघाली, तेव्हा माझ्या वहीला थोडे दिवस भाव होता. आता पोट्टे पुन्हा विचारतात, "काय सर, आज किती नवरदेव सापडले?"

तेही सोसवतं. सोसवत नाही ते पुढचं, म्हणजे मोजलेलं छापून आणणं. बढतीच्या अर्जाला छापील निबंध जोडावा लागतो आणि तो कुठेही छापलेला चालत नाही, 'पीअर रिव्ह्यूड' नियतकालिकातलाच लागतो. म्हणजे संपादक आपला निबंध त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे, म्हणजे रेफरींकडे, पाठवतो. ते कोण हे आपल्याला कळत नाही, आपण कोण हे बहुधा त्यांना कळतं. त्यांनी मान डोलावली तर छापायचं, नाहीतर परत.

हे मी आमच्या मोठ्या बाबांना समजावून सांगत होतो. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. १९७२ला कापूस एकाधिकार योजना आली तेव्हापासून खरेदी केंद्राच्या रांगेत बंडी लावण्यात त्यांची उभी हयात गेली. त्यामुळे त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"म्हंजे ग्रेडर," ते म्हणाले.

तंतोतंत. ग्रेडर बंडीत हात घालतो, मूठभर कापूस काढतो, दाबून पाहतो आणि ओलावा बारा टक्क्यांच्या वर आहे म्हणून बंडी माघारी धाडतो. पुढचा हिशेब मात्र मोठ्या बाबांच्या काही केल्या जुळेना.

"ग्रेडरचा पगार किती?"

"पगार नाही. फुकट करतात."

खर्र्याची पन्नी चोळता चोळता त्यांचा हात थांबला. "बरं, माल कोणाचा?"

"आपला."

"आन् पाहणारे?"

"आपल्यासारखेच मास्तर लोक."

"मंग मासिकवाला तुले चुकारा काय देते?"

"देत नाही. कित्येक ठिकाणी उलटा घेतो. निबंध सगळ्यांना फुकट वाचता यावा असं वाटत असेल तर लेखकाने पैसे भरायचे. 'नेचर' नावाच्या मोठ्या नियतकालिकाने २०२० साली एका निबंधाचा दर जाहीर केला, ९,५०० युरो."

"आपले किती झाले?"

"आठ-नऊ लाख."

"ट्रॅक्टर येते ना बाबू तेवढ्यात!" मोठे बाबा काही वेळ गप्प राहिले. मग हळहळून म्हणाले, "असा व्यापारी आपल्या तालुक्यात बी नाही."

माझा निबंध अर्थात इतक्या मोठ्या दुकानात गेला नव्हता. सापळा पिकाच्या वर किती उंचीवर बांधला तर पतंग जास्त येतात, एवढाच साधा प्रश्न. पण पेरणीच्या सुमारास पाठवलेला निबंध पराट्या उपटायची वेळ आली तरी 'अंडर रिव्ह्यू' होता. संपादकाला आठवण देणारं पत्र कसं लिहावं ही एक वेगळीच कला आहे. सासऱ्याकडे पैसे मागायचे असतात त्या आवाजात ते लिहावं लागतं. शेवटी एकदाचे तीन अहवाल आले.

पहिल्या रेफरीने चार ओळींत निबंध उत्कृष्ट असल्याचं कळवलं होतं. टोमॅटोवरील किडीबाबत इतकं मोलाचं काम आपल्या वाचनात नाही, असा शेरा होता. टोमॅटो आमच्या निबंधात नाही, वावरातही नाही. तरी पण मी ते पत्र जपून ठेवलं आहे.

तिसऱ्याचं म्हणणं, प्रस्तावना फारच त्रोटक आहे, वाढवा. दुसऱ्याचं म्हणणं, प्रस्तावना फार लांबली आहे, निम्मी करा. संपादकाचं म्हणणं, दोघांचंही समाधान करा.

दुसरा रेफरी. जगभरच्या मास्तर मंडळींमध्ये 'रेफरी नंबर दोन' हे नाव तलाठ्याच्या नावासारखं दबक्या आवाजात घेतलं जातं. माझ्या वाट्याच्या नंबर दोनने पाच पानं लिहिली होती. इंग्रजी कच्चं आहे, कोणा जन्माने इंग्रजाकडून तपासून घ्या. (आमच्या गावात सध्या एकही नाही.) पुढे दिलेले सहा निबंध वाचून त्यांचा उल्लेख करावा. ते सहाही एकाच गृहस्थाचे होते, त्यामुळे अनामिक परीक्षकाचं नाव, गाव आणि विद्यापीठ मला बसल्या जागी कळलं. आणि शेवटी खरा प्रश्न: चौथ्या प्लॉटची ऑक्टोबरनंतरची आकडेवारी का नाही?

कारण चौथा प्लॉट रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी खाल्ला.

ही गोष्ट आमच्याकडे कोणालाही सांगा, तो नुसता "हो ना बाप्पा" म्हणतो. रात्री दहा-बारा रोही वावरात शिरले की सकाळी पाहायला काही उरत नाही, सापळ्याची काठीसुद्धा आडवी झालेली असते. पण हे इंग्रजीत, सभ्य शब्दांत आणि सात समुद्रापलीकडच्या माणसाला पटेल असं कसं लिहावं? खूप डोकं खाजवून मी रोह्याचं शास्त्रीय नाव टाकलं, 'बोसेलॅफस ट्रॅगोकॅमेलस'. लॅटिन नाव लागल्याबरोबर रोह्याला एकदम इभ्रत आली. रेफरीचं उलट टपाली उत्तर: हा प्राणी कपाशी खातो या विधानाला संदर्भ द्या. अरे माझ्या देवा! संदर्भ रात्री दोन वाजता धुऱ्यावर उभा असतो, टॉर्च घेऊन ये.

अशा वेळी माणूस मोठ्यांच्या दुःखात आधार शोधतो. मीही शोधला, आणि रोज रात्री जेवणानंतर तो मोठ्या बाबांना ऐकवू लागलो. ही सगळी रेफरीशाही काही वेदकाळापासूनची नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकाचा पहिला अंक १६६५चा, तेव्हा काय छापायचं ते संपादकच ठरवी. डीएनएच्या दुहेरी सर्पिलावरचा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३चा निबंध 'नेचर'ने रेफरीकडे न पाठवताच छापला. 'नेचर'ने प्रत्येक निबंधाला ही तपासणी सक्तीची केली ती १९७३ साली.

"म्हंजे आमचा ग्रेडर त्याईच्या पहिले आला," मोठे बाबा समाधानाने म्हणाले.

आइन्स्टाइनची गोष्ट मात्र त्यांनी दोनदा सांगायला लावली. १९३६ साली आइन्स्टाइनने नेथन रोझेनसोबत 'फिजिकल रिव्ह्यू'कडे निबंध पाठवला. म्हणणं असं की गुरुत्वीय लहरी नसतातच. संपादक होते जॉन टेट. त्यांनी तो गुपचूप एका जाणकाराकडे धाडला. जाणकाराने लांबलचक टिपण लिहून चूक दाखवली. आइन्स्टाइन भडकले. आम्ही निबंध छापायला दिला होता, छापण्याआधी दुसऱ्या कोणाला दाखवायची परवानगी दिली नव्हती, अशा अर्थाचं पत्र लिहून त्यांनी तो परत मागवला आणि दुसऱ्या मासिकाकडे दिला.

"बरं केलं," मोठे बाबा म्हणाले. "बंडी वळवून दुसऱ्या जिनिंगवर नेली."

"पण थांबा ना. चूक खरंच होती. तो अनामिक रेफरी म्हणजे हॉवर्ड रॉबर्टसन. नंतर आइन्स्टाइनच्या ध्यानात आलं आणि छापायच्या आधी त्यांनी निष्कर्षच फिरवला. २०१५ साली अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी त्या लहरी प्रत्यक्ष टिपल्या. आता तसंच यंत्र पैनगंगेच्या पलीकडे व्हायचं आहे, हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ."

"औंढ्याले? आपल्या नागनाथाच्या औंढ्याले?" आता आइन्स्टाइन त्यांच्या सोयऱ्यांत जमा झाले. खर्रा तोंडात टाकून त्यांनी निकाल दिला, "म्हंजे ग्रेडर बराबर होता."

होता. म्हणूनच मला ही पद्धत मोडीत काढावी असं वाटत नाही, नंबर दोनच्या पाच पानांनंतरही वाटत नाही. पण सगळे रेफरी रॉबर्टसन नसतात. १९८२ साली पीटर्स आणि सेसी या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी नामांकित संस्थांतल्या लोकांचे बारा छापून झालेले निबंध घेतले, लेखकांची आणि संस्थांची नावं बदलून भलतीच खोटी टाकली आणि ज्या मासिकांत ते आधी छापले होते त्यांनाच पाठवले. तिघांची चोरी पकडली गेली. राहिलेल्या नऊपैकी आठ नापसंत होऊन परत आले, आणि नापसंतीचं कारण सहसा असं की पद्धतीत गंभीर दोष आहेत. मला वाटलं मोठे बाबा हसतील. ते हसले नाहीत. "आपला कापूस पाटलाच्या बंडीत टाकला की ग्रेड वाढते, हे सांगाले अमेरिका कायले पाहिजे?" एवढंच म्हणाले.

मग त्यांचा मूड ठीक करायला मी मांजराची गोष्ट काढली. हेदरिंग्टन नावाच्या एका अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९७५च्या निबंधात सगळीकडे 'आम्ही' लिहिलं. एकट्याच्या निबंधात 'आम्ही' चालणार नाही, असं सहकाऱ्याने सांगितलं. तेव्हा टाइपरायटरचा जमाना, सगळा निबंध पुन्हा कोण बडवणार? त्याने सहलेखक म्हणून आपल्या सयामी मांजराचं नाव घातलं, एफ. डी. सी. विलार्ड. छापला गेला.

"मंग आपल्या ढवळ्याचं टाक ना तुह्या निबंधात," मोठे बाबा उठून बसले. "मांजरीनं काय केलं? ढवळ्यानं तं वखर ओढला."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाव घातलेल्या सहकाऱ्यांपैकी वखर ओढलेला एकही नव्हता.

हल्ली मलाही परीक्षण करायची निमंत्रणं येतात. दिवसभर तास, मग परीक्षेचे पेपर, मग दाल-भात, आणि लाइन गेलेली नसेल तर दहानंतर रेफरीगिरी. मोबाइलची रेंज गच्चीवर, टाकीच्या बाजूला उभं राहिलं तर मिळते. अशा ठिकाणी डास मारत दुसऱ्याचं विज्ञान तपासताना एक गोष्ट स्वच्छ दिसते. मला बंडीच्या वरचा थर तेवढा दिसतो आहे. त्याने खरोखर सापळे लावले का, पतंग मोजले का घरी बसून आकडे रचले, हे मी कसं सांगणार? ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या लोकांनी १९९८ साली एक चाचणी छापली. एका निबंधात मुद्दाम आठ दोष पेरून तो रेफरींना दिला. त्यांनी सरासरी दोन पकडले. आठातले दोन! आमच्या कॉलेजात एवढ्यावर एटीकेटी मिळते.

आणि ज्याला फसवायचंच आहे त्याला रस्ते मोकळे. दक्षिण कोरियातल्या औषधी वनस्पतींच्या एका संशोधकाने परीक्षक म्हणून नावं सुचवली, पण सोबतचे ईमेल पत्ते फिरून त्याच्याकडेच येणारे होते. स्वतःच्या निबंधांची स्वतः तारीफ. २०१२ साली पकडला गेला. कशावरून? अहवाल चोवीस तासांत परत येत होते म्हणून संपादकांना संशय आला. वेळेवर आलेला अहवाल हाच पुरावा! आमच्या देशाने दुसरा रस्ता काढला. पैसे भरा आणि छापून घ्या, रेफरीची भानगडच नको. २०१८च्या मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. मुळात ती यादीत घातली कोणी, हे मोठ्या बाबांनी विचारलं होतं. मी विषय बदलला. बढतीला छापील कागद लागतो असं एकदा ठरवलं की कागद छापणारे उगवणारच. त्यांना पेरावं लागत नाही, रोही त्यांना खात नाहीत.

परवा संपादकाला सुधारित निबंध पाठवायच्या आधी तो मी मोठ्या बाबांना मराठीत सांगून पाहिला. सापळ्याची उंची, पतंगांचे आकडे, चौथ्या प्लॉटचं मरण, सगळं. डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. मग एकदम म्हणाले, "वारा कोणीकडून होता?"

ल्युरचा वास वाऱ्यावरच जातो. तीनही रेफरींनी हे विचारलं नव्हतं. सुदैवाने वहीत रोजचा वारा लिहिलेला होता, तो मी तक्त्यात घातला. मला भरून येणार तेवढ्यात मोठ्या बाबांनी पुढचा शेरा मारला.

"आन् माह्या वावरातले पतंग काऊन नाही मोजले? तुह्या वावरापेक्षा माह्या वावरात अळी जास्त होती. माह्या वावराचं नाव आलंच पाहिजे त्याच्यात. नाल्याकाठच्या तुकड्याचं बी. आन् ठेक्यानं घेतलेल्या वावराचं बी."

"हा मुद्दा महत्त्वाचा आहे," मी म्हणालो, "पुढच्या अभ्यासात त्याचा अवश्य विचार करू." नंबर दोनला मी हेच वाक्य जागोजागी चिकटवलं होतं, तोंडात बसून गेलं होतं.

मोठे बाबा माझ्याकडे रोखून पाहू लागले. "म्हंजे 'नाही' म्हणाची तुमच्यात अशी रीत हाय."

"तसं नाही, मोठे बाबा."

"राहू दे. माह्या वावराचं राहू दे," ते म्हणाले. "ढवळ्याचं तं टाक."