तोटा तेवढा जनतेचा!

बुडत्या बड्या कंपन्यांना सरकारी पैशाने वाचवायचे, म्हणजे नफा झाला की तो भागधारकांचा आणि तोटा झाला की करदात्यांचा, हा हिशेब मुळात मान्य केला कोणी? ब्रिटिश लेलँड ही मोटार कंपनी १९७५ साली तिथल्या सरकारने ताब्यात घेतली, तिच्यात वर्षानुवर्षे पैसा ओतला, तरी तिचा वारसा सांगणारी एमजी रोव्हर २००५ मध्ये बुडालीच. अमेरिकेतल्या क्रायस्लर या मोटार कंपनीला १९७९ च्या कायद्याने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी मिळाली आणि २००९ मध्ये ही कंपनी पुन्हा सरकारच्या दारात हजर! त्याआधी, २००८ च्या नोव्हेंबरात, डेट्रॉइटच्या तिन्ही बड्या मोटार कंपन्यांचे प्रमुख वॉशिंग्टनला हात पसरायला गेले ते आपापल्या खासगी विमानांनी. झोळीही बहुधा उंची चामड्याची असावी. त्यांतल्या जनरल मोटर्सला वाचवताना घेतलेला हिस्सा विकून अमेरिकी सरकार २०१३ अखेर बाहेर पडले, तेव्हा दहा अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बुडीत खात्यात गेली होती. रोजगार वाचले म्हणे! मग कर्जात रुतलेल्या छोट्या कारखानदारांसाठी ही माया कुठे आटते?