इयागोने नवीन काहीच सांगितलं नाही

परवा शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' हे नाटक पुन्हा वाचून संपवलं. कॉलेजात पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'ही मत्सराची शोकांतिका आहे' असं उत्तर लिहून मोकळी झाले होते. मार्कही चांगले पडले. आज तेच उत्तर मी खोडून टाकेन.

पहिल्या प्रवेशात ऑथेल्लोचं नाव एकदाही येत नाही, हे तेव्हा लक्षातच आलं नव्हतं. तुर्कांच्या स्वारीची बातमी आल्यावर अख्खं व्हेनिस ज्याच्याकडे धाव घेतं तो हा सेनानी. आणि रात्रीच्या अंधारात त्याच्याच हाताखालचा इयागो आणि डेस्डेमोनाच्या मागे लागलेला रॉडरिगो त्याला काय म्हणतात? तो मूर, म्हणजे आफ्रिकेकडचा काळा माणूस. तो जाड ओठांचा. म्हातारा काळा एडका. म्हणजे माणूस समोर यायच्या आधी त्याच्याविषयीची घाण आपल्या कानात पडलेली असते. मग तो येतो. समोर तलवारी उपसलेल्या, आणि हा शांतपणे म्हणतो की म्यान करा त्या, दवाने गंजतील. त्या एका ओळीत माणूस कळतो.

डेस्डेमोना ही ऑथेल्लोची बायको. तिचा बाप ब्रॅबॅन्शिओ याच ऑथेल्लोला हौसेने घरी बोलवत असे, लढायांच्या कथा सांगायला लावत असे. पाहुणा म्हणून चालत होता, जावई म्हणून चालला नाही. पोरीने लग्न केल्याचं कळताच तो भर सभेत म्हणतो, हिच्यावर चेटूक झालंय. नाहीतर हे असं निसर्गाच्या विरुद्ध घडेलच कसं? व्हेनिसचा प्रमुख, ड्यूक, समजूत घालतो, पण तीही कशी, तर तुझा जावई काळा कमी आणि गोरा जास्त आहे. कौतुकसुद्धा रंगाच्या मापातच! आणि निघताना बाप जावयाला बजावतो, हिने बापाला फसवलं, तुलाही फसवेल.

आता तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश घ्या. कान कसे भरतात हे यापेक्षा बारकाईने दाखवलेलं मी कुठे वाचलेलं नाही. ऑथेल्लोचा दुय्यम अधिकारी कॅसिओ डेस्डेमोनाशी बोलून निघून जातो आणि इयागो स्वतःशीच पुटपुटल्यासारखं करतो, 'हं, हे काही बरं नाही.' ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? 'काही नाही, महाराज.' नंतर पुढचा प्रत्येक प्रश्न तो ऑथेल्लोकडेच परत टाकतो. कॅसिओ प्रामाणिक आहे ना? 'प्रामाणिक, महाराज?' तुला काय वाटतं? 'वाटतं, महाराज?' बस, एवढंच. आरोप नाही, पुरावा नाही. समोरच्याने स्वतःच खड्डा खणावा म्हणून हातात फक्त कुदळ द्यायची.

आणि ऑथेल्लो खणतो. बापाचं ते 'फसवेल' इयागो त्याला आठवून देतो. मग ऑथेल्लो आपणहून बोलायला लागतो, तरीही, निसर्ग असा वाट चुकून... वाक्य पुरं व्हायच्या आत इयागो झडप घालतो: तोच तर मुद्दा आहे! आपल्या देशाची, आपल्या रंगाची, आपल्या तोलामोलाची स्थळं सोडून तिने हे करावं? इथे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. हा 'निसर्ग' ब्रॅबॅन्शिओचा आहे. भर सभेत म्हातारा जे ओरडला होता, ते आता ऑथेल्लोच्या स्वतःच्या तोंडून येतंय. थोड्याच वेळात एकटा असताना तो म्हणतो, मी काळा आहे म्हणून असेल कदाचित. इयागोला विष बाहेरून आणावंच लागलं नाही. व्हेनिसने ते या माणसाला घोट घोट पाजून ठेवलं होतं.

म्हणून 'एका रुमालावरून बायकोला जीवे मारणारा मूर्ख' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. त्याने केलं ते अक्षम्यच आहे, त्याची बाजू मी घेत नाहीये. पण मूर्ख नाही हो! मीसुद्धा कधीतरी 'मला काही म्हणायचं नाही, पण...' एवढ्या अर्ध्या वाक्यावर एक जवळची मैत्रीण तोडली आहे. तिला एकदा सरळ विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण ऐकलं ते मला आतून आधीच खरं वाटत होतं.

रुमालाचं म्हणाल, तर तो पडतो कसा ते नीट बघा. ऑथेल्लोचं डोकं दुखतंय, डेस्डेमोना कपाळाला रुमाल बांधायला जाते, तो म्हणतो, लहान आहे हा, आणि बाजूला सारतो. रुमाल खाली पडतो. 'राहू दे' असं तोच म्हणतो! दोघं आत जातात, इयागोची बायको एमिलिया तो उचलून नवऱ्याला देते, आणि इयागो तो कॅसिओच्या खोलीत टाकतो. पुढे त्याच रुमालासाठी ऑथेल्लो डेस्डेमोनाला धारेवर धरतो.

आपल्या देवलांनी 1890 मध्ये याच नाटकावरून 'झुंझारराव' लिहिलं, आणि पुढे 'संशयकल्लोळ'ही त्यांचंच. संशयाची दोन टोकं एकाच लेखणीतून उतरली. 'संशयकल्लोळ'मधल्या फाल्गुनरावाच्या संशयावर आपण पोट धरून हसू शकतो, कारण तो आपल्याच माणसांत आहे, त्याच्या पायाखालची जमीन कुणी काढून घेतलेली नाही.

ऑथेल्लोच्या पायाखाली ती जमीन कधी नव्हतीच. रंगमंचाबाहेरही नव्हती. 1604 मध्ये इंग्लंडच्या राजदरबारात प्रयोग झाला तो गोऱ्या नटाला काळं रंगवून. 1833 मध्ये आयरा ऑल्ड्रिज हा कृष्णवर्णीय नट लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये ही भूमिका करायला उभा राहिला, तेव्हा काही वृत्तपत्रांनी त्याच्या रंगावरून हिणकस लिहिलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पॉल रोबसन हा कृष्णवर्णीय नट या भूमिकेत दिसायला 1943 उजाडलं.

शेवटच्या प्रवेशात मला सगळ्यात जास्त एमिलिया छळते. तुझ्या नवऱ्यानेच मला सगळं सांगितलं, असं ऑथेल्लो म्हणतो, तेव्हा ती विचारते, 'माझा नवरा?' तो पुन्हा सांगतो, ती पुन्हा तेच विचारते, 'माझा नवरा?' पुन्हा पुन्हा. रुमाल आपणच दिला होता, हे तिच्या ध्यानात येत जातं. मग ती गप्प बसत नाही, नवऱ्याने तलवार उपसली तरी नाही, आणि त्याच्याच हातून मरते. नाटकात सगळ्यात जास्त ओळी ज्याच्या वाट्याला आल्या तो इयागो मात्र जाहीर करतो की आता यापुढे मी एक शब्दही बोलणार नाही.

ब्रॅबॅन्शिओ तोवर या लग्नाच्या दुःखाने मेलेला असतो. पलंगावर तीन प्रेतं पडलेली: डेस्डेमोना, एमिलिया आणि स्वतःला भोसकून घेतलेला ऑथेल्लो. आणि व्हेनिसहून आलेला लोडोविको म्हणतो, बघवत नाही हे, झाकून टाका.