पालकांची मजुरी वाचवणारे शाळेचे पान

यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आठवीला शिकवतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीचा एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज राहून गेला आणि त्यानंतर शाळेच्या संकेतस्थळाविषयीचे माझे मत पार बदलले. शासकीय आणि अनुदानित शाळांत शिकणाऱ्या, साडेतीन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी ही परीक्षा असते. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. शेतमजुराच्या घरात ही रक्कम मुलीचे शिक्षण थांबू देत नाही, हे मी पाहिलेले आहे.

सूचना मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती आणि उत्पन्नाचा दाखला लागेल, हेही लिहिले होते. पण ते सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते, घरात मोबाइल एकच आणि तो वडिलांजवळ. रात्री कुणी ग्रुप उघडेपर्यंत त्या सूचनेवर सुप्रभातची फुले, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि कुणाच्या तरी तेरवीचा निरोप चढला होता. मुदत संपल्यावर तिची आई शाळेत आली आणि म्हणाली, “सर, मेसेज आला असन, पन मोबाइल ह्यायच्या संगं वावरात राह्यते. मालूम असतं तं मी एक रोज पाडला असता.” रोज पाडणे म्हणजे एका दिवसाची मजुरी सोडणे.

शाळेचे संकेतस्थळ तेव्हाही होते. त्यावर मुख्याध्यापकांचे मनोगत होते, शाळेचा यूडायस हा सरकारी नोंदीचा क्रमांक होता, पंधरा ऑगस्टची छायाचित्रे होती, आणि परिपत्रके स्कॅन करून चढवलेली होती. त्या आईच्या उपयोगाचे एक वाक्यही तिथे नव्हते. आपण ते पान तपासणीला येणाऱ्यांसाठी केले होते, घरच्यांसाठी नव्हे, हे मला मान्य करावे लागले.

कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. एका कागदासाठी तालुक्याच्या सेतू केंद्रात दोन खेपा झाल्या, तर दोन दिवसांचा कापूस दुसऱ्याच्या झोळीत जातो. म्हणून माझे ठाम मत आहे की शाळेच्या किंवा शिक्षकाच्या पानाची किंमत एकाच गोष्टीवरून ठरवावी : त्याने पालकांचा रोज वाचतो की नाही. मी मोफत ब्लॉगवर वर्गाचे साधे पान केले. त्यावर सगळ्यांत वर या आठवड्यात काय करायचे आहे ते, आणि त्याखाली तारीख. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करतो, कारण स्कॅन केलेले पत्र कमी रेंजमध्ये उघडत नाही आणि मोबाइलला ते वाचूनही दाखवता येत नाही. ग्रुपवर आता फक्त दुवा टाकतो. ग्रुपवरचा निरोप वाहून जातो, पान मात्र जागच्या जागी राहते.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. तरीही पानावर काय असावे, हे आम्ही शिक्षकच ठरवत होतो. मी मसुदा बैठकीत वाचून दाखवला, तेव्हा एका सदस्य ताईंनी विचारले, “दाखल्याले कोनकोनते कागद न्या लागते, हे कुठी हाय?” माझ्याकडून तेच राहिले होते. त्या दिवसापासून कागदांची यादी परीक्षेच्या माहितीच्याही आधी येते.

आमच्याकडे काही मुले कोलाम आदिवासींच्या पोडांतून, म्हणजे वस्त्यांतून, येतात आणि त्यांच्या घरी कोलामी बोलतात. मला ती भाषा येत नाही. म्हणून एका विद्यार्थ्याच्या आईने शाळेच्या ओट्यावर बसून सूचना स्वतःच्या आवाजात सांगितली. ‘शिष्यवृत्ती’ या शब्दाशी त्या दोनदा अडल्या, मग ‘शिकण्याचे पैसे’ अशा अर्थाचे शब्द त्यांनी वापरले. दीड मिनिटाचा तो आवाज पानावर आहे, आणि माझ्या लेखी तो त्या पानाचा सर्वांत मोलाचा भाग आहे.

मुलांचे गुण किंवा छायाचित्रे मात्र मी तिथे टाकत नाही. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. कायदा नसता, तरी एखाद्याच्या लेकराचे कमी गुण गावभर करण्याचा अधिकार मला नाही.

“पालक बघतच नाहीत,” असे काही सहकारी म्हणतात. घरच्यांच्या कामाचे तिथे काही असल्याशिवाय त्यांनी का बघावे? उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. जूनच्या मध्यावर टीव्हीवर शाळा सुरू झाल्याची बातमी येते आणि पालक गोंधळतात. आमच्या शाळेची तारीख वरच्या ओळीत ठळक लिहिली, तेव्हा विचारायला येणारे फोन बरेच कमी झाले.

ज्या घरात अजून मोबाइलच नाही, त्या घरांसाठी पानावरची प्रत्येक सूचना मोठ्या अक्षरांत छापून गावातल्या पीठगिरणीच्या भिंतीवर लावतो. दळण होईपर्यंत तिथे थांबावेच लागते आणि वाचता येणारे कुणीतरी सोबत असतेच.