दर टेराबाइटला १ जीबी रॅम? घरच्या मीडिया सर्व्हरबद्दलच्या चुकीच्या सल्ल्यांना उत्तर

घरातले सिनेमे, गाणी, फोटो एका जागी ठेवायला झेडएफएसवर (डेटा साठवताना त्यातल्या चुका पकडणाऱ्या फाइल सिस्टिमवर) सर्व्हर उभारायचा, किंवा असलेला वाढवायचा म्हटलं की सल्ल्यांची एक ठरलेली यादी हातात पडते. दर टेराबाइटला १ जीबी रॅम हवी. तीही ईसीसीच (स्वतःच्या चुका सुधारणारी) हवी, नाहीतर स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासणं, करताना सगळा डेटा नासतो. एकदा बांधलेल्या रेडझेडमध्ये (एखादी डिस्क गेली तरी डेटा वाचवणाऱ्या डिस्कच्या गटात) एकेक डिस्क वाढवता येत नाही, पूल (सगळ्या डिस्क मिळून झालेली साठवणीची जागा) पाडून पुन्हा बांधावा लागतो. फोर-के बघायचं तर ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागतं. आणि रेडझेड असलं की डिस्क कुठलीही चालते, वेगळा बॅकअपही लागत नाही.

या यादीप्रमाणे खरेदी केली की पैसे रॅम, सर्व्हर बोर्ड आणि ग्राफिक्स कार्डात संपतात. चांगल्या डिस्क, यूपीएस आणि बॅकअप यांच्यासाठी काही उरत नाही. घरच्या सर्व्हरमधला डेटा जातो तो मात्र याच तीन गोष्टींच्या अभावी. म्हणून एकेक मुद्दा तपासून घेऊ.

"दर टेराबाइटला १ जीबी रॅम"

झेडएफएसला चालण्यासाठी एवढी रॅम लागत नाही. मोकळी रॅम दिसली की ती एआरसी नावाच्या वाचन-कॅशसाठी वापरली जाते आणि दुसऱ्या प्रोग्रॅमने मागितली की सोडली जाते. लिनक्सवर या कॅशची मर्यादा वर्षानुवर्षं निम्म्या रॅमची होती. ओपनझेडएफएस २.३ (झेडएफएसची आजची आवृत्तीमालिका) पासून ती जवळपास सगळ्या रॅमपर्यंत गेली. त्यामुळे १६ जीबीच्या मशीनवर १४ जीबी "वापरात" दिसते, बघणारा घाबरतो आणि आणखी रॅम घेतो. नवी रॅमही तशीच भरते.

मीडिया सर्व्हरला या कॅशचा फायदाही थोडाच. ६० जीबीचा सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाचला जातो, तेच ब्लॉक पुन्हा मागितले जात नाहीत. १०० मेगाबिटचा फोर-के प्रवाह म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, आणि साधी ३.५ इंची डिस्क सलग वाचनात सेकंदाला १५० एमबीच्या वर देते. कॅश रिकामी असली तरी सिनेमा अडत नाही.

रॅम खरोखर टेराबाइटच्या हिशोबात लागते ती डीडुप्लिकेशन (सारखे ब्लॉक एकदाच साठवणं) चालू केलं तर. प्रत्येक वेगळ्या ब्लॉकची एक नोंद, साधारण ३२० बाइटची, हाताशी ठेवावी लागते. १२८ केबीचे ब्लॉक धरले तर एका टेराबाइटमध्ये सुमारे ८४ लाख ब्लॉक, म्हणजे नोंदींसाठीच अडीच जीबीच्या आसपास. ब्लॉक लहान असतील तर त्याहून जास्त. पण सिनेमे आणि फोटो यांच्यात सारखे ब्लॉक जवळजवळ नसतातच, त्यामुळे डीडुप चालू करण्यात काही अर्थ नाही.

ट्रूनास या झेडएफएसवरच्या तयार सर्व्हर प्रणालीची किमान अट ८ जीबीची आहे. जेलीफिन (सिनेमे-गाणी टीव्हीवर पोचवणारा प्रोग्रॅम) आणि चार-पाच कंटेनर (वेगळे बांधून ठेवलेले प्रोग्रॅम) चालवायचे असतील तर १६ जीबी पुरेशी, पूल १० टेराबाइटचा असो की ४० चा. त्याच मशीनवर व्हर्च्युअल मशीनही चालवायची असतील तर एआरसीला वरची मर्यादा घालून द्या. ८ जीबीसाठी झेडएफएस_एआरसी_मॅक्स या सेटिंगमध्ये ८५८९९३४५९२ हा बाइटमधला आकडा जातो.

वाढीव रॅमपेक्षा डेटासेटच्या (पूलमधल्या स्वतंत्र विभागाच्या) तीन सेटिंग मीडियाला जास्त उपयोगी पडतात: रेकॉर्डसाइज (ब्लॉकचा कमाल आकार) १ एमबी, एटाइम (फाइल शेवटची कधी वाचली याची नोंद) बंद, कॉम्प्रेशन एलझेड४. रेकॉर्डसाइज नंतर लिहिलेल्या फाइलींनाच लागू होते, म्हणून ती पहिली फाइल टाकण्याआधी ठरवा.

"ईसीसी नसेल तर स्क्रब डेटा मारतं"

भीती अशी घातली जाते की खराब रॅममुळे चेकसम (ब्लॉकवरून काढलेला पडताळणीचा आकडा) चुकीचा भरतो, झेडएफएस चांगला ब्लॉक "दुरुस्त" करायला जातं आणि एकेक करत पूर्ण पूल बिघडवतं. दुरुस्ती अशी होतच नाही. चेकसम जुळला नाही की पॅरिटीवरून (बाकीच्या डिस्कवर ठेवलेल्या जादा माहितीवरून) ब्लॉक पुन्हा तयार होतो, आणि त्या नव्या ब्लॉकचाही चेकसम तपासला जातो. तो जुळला तरच ब्लॉक डिस्कवर लिहिला जातो. जुळला नाही तर चूक नोंदवून झेडएफएस थांबतं. झेडएफएसच्या मूळ रचनाकारांपैकी एक असलेल्या मॅथ्यू आरेन्स यांनीही उघडपणे सांगितलं आहे की इतर फाइल सिस्टिमपेक्षा झेडएफएसला ईसीसीची जास्त गरज आहे असं काही नाही.

ईसीसी चांगलीच. बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही तिला साथ देत असतील आणि भाव परवडत असेल तर जरूर घ्या. कारण लिहिण्याआधीच रॅममध्ये बिघडलेली फाइल "बरोबर" चेकसमसह साठवली जाते, आणि हे कुठल्याही फाइल सिस्टिमवर घडू शकतं. ईसीसी नसेल तर नवी रॅम बसवल्यावर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर ती काडी परत करा.

"डिस्क वाढवायची तर पूल पाडा"

हे एकेकाळी खरं होतं. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएस २.३ पासून रेडझेडमध्ये एक डिस्क जोडून तो रुंद करता येतो. त्यासाठी झेडपूल अटॅच ही आज्ञा, पुढे पूलचं नाव, व्हीडेव्हचं, म्हणजे पूलमधल्या डिस्कच्या गटाचं नाव (उदाहरणार्थ रेडझेड१-०) आणि नव्या डिस्कचा बाय-आयडी (तिच्या क्रमांकावरून ठरलेला) पत्ता. काम चालू असताना पूल वापरता येतो, पॅरिटीचं संरक्षणही टिकतं. मध्येच एखादी डिस्क गेली तर काम थांबतं आणि ती बदलल्यावर पुढे सरकतं. शेवटी स्क्रब आपोआप सुरू होतं. या सगळ्यासाठी आधी पूलची नवी वैशिष्ट्यं झेडपूल अपग्रेडने चालू करावी लागतात. त्यानंतर तो पूल जुन्या आवृत्तीच्या मशीनवर उघडेल याची खात्री नाही, म्हणून अडचणीत पूल वाचवायला ठेवलेली यूएसबी स्टिक आधी अद्ययावत करा.

विस्तारानंतर बरेच जण जागा कमी वाढली म्हणून गोंधळतात. जुने ब्लॉक जुन्याच प्रमाणात राहतात. चार डिस्कच्या रेडझेड१ मध्ये तीन भाग डेटा आणि एक भाग पॅरिटी असं प्रमाण, पाचवी आल्यावर नव्या फाइलींसाठी चारास एक. समजा १८ टीबी जुना डेटा आहे. त्याने २४ टीबी कच्ची जागा व्यापलेली असते. तोच पुन्हा लिहिला तर २२.५ टीबी लागेल, म्हणजे दीड टीबी सुटते. पुन्हा लिहिणं म्हणजे फाइल कॉपी करून मूळ पुसणं. पण स्नॅपशॉट (पूलच्या एखाद्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रती) असतील तर जुने ब्लॉक सुटत नाहीत आणि डेटा दुप्पट होऊन बसतो, म्हणून आधी जुने स्नॅपशॉट काढा. शिवाय मोकळ्या जागेचा दाखवला जाणारा आकडा जुन्या प्रमाणानेच मोजलेला असतो, तो प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. रेडझेड१ चं (एका डिस्कची पॅरिटी) रेडझेड२ (दोन डिस्कची) मात्र अजूनही करता येत नाही. तो निर्णय पहिल्या दिवशीच घ्यावा लागतो.

इथे एका शब्दाच्या चुकीने पूल कायमचा अडकतो. अटॅचऐवजी झेडपूल ॲड लिहिलं तर नवी डिस्क रेडझेडमध्ये न जाता स्वतंत्र व्हीडेव्ह म्हणून बसते, तिला कुठलीही पॅरिटी नसते. ती एक डिस्क गेली की पूर्ण पूल गेला. पूलमध्ये रेडझेड असेल तर असं व्हीडेव्ह काढताही येत नाही. संरक्षणाची पातळी जुळत नाही असा इशारा झेडएफएस देतं, आणि लोक सक्तीचा पर्याय लावून तो ओलांडतात. तो पर्याय लावू नका. ॲड खरंच करायचं असेल तर आधी एन पर्यायाने नुसता आराखडा बघा.

दुसरा मार्ग कितीतरी जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा: ऑटोएक्सपांड चालू करून झेडपूल रिप्लेसने एकेक डिस्क मोठी करत जायचं. व्हीडेव्हमधली शेवटची डिस्क बदलली की जागा वाढते. शक्य असेल तर एक साटा पोर्ट मोकळा ठेवा आणि जुनी डिस्क जोडलेली असतानाच नवीवर रिसिल्व्हर करा (तिचा वाटा नव्या डिस्कवर भरा), म्हणजे मधल्या काळात पॅरिटी शाबूत राहते. भरलेली ८ टीबी डिस्क रिसिल्व्हर व्हायला अर्धा ते एक दिवस धरून चाला. पोर्ट कमी पडले तर एएसएम११६६ चिपचं सहा पोर्टचं कार्ड किंवा आयटी मोडमधलं (डिस्क थेट झेडएफएसला दाखवणारं) एलएसआय ९२११-८आय घ्या. एलएसआयचं कार्ड चांगलंच तापतं, त्याच्यावर हवा खेळती लागते. पोर्ट मल्टिप्लायर (एकाच पोर्टमागे अनेक डिस्क जोडणारी चिप) वापरणारी स्वस्त कार्डं मात्र टाळा, एक डिस्क अडखळली की त्यामागच्या सगळ्या एकदम गायब होतात.

"फोर-केसाठी ग्राफिक्स कार्ड"

टीव्ही ती फाइल जशीच्या तशी वाजवू शकत असेल तर सर्व्हरला ट्रान्सकोडिंगच (व्हिडिओ दुसऱ्या स्वरूपात बदलणं) करावं लागत नाही. करावं लागलंच तर इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समधलं क्विक सिंक (व्हिडिओसाठीचं खास हार्डवेअर) १०-बिट एचईव्हीसी (फोर-केमध्ये नेहमी दिसणारं व्हिडिओ स्वरूप) हाताळतं. एन१०० सारख्या ६ वॉटच्या प्रोसेसरमध्येही ते आहे. फक्त नावाशेवटी एफ असलेला प्रोसेसर घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतं. जेलीफिन कंटेनरमध्ये असेल तर रेंडरडी१२८ हे ग्राफिक्सचं उपकरण आत द्यावं लागतं आणि रेंडर गटाची परवानगीही. ती राहिली की सगळा भार प्रोसेसरवर जातो आणि दोष हार्डवेअरला दिला जातो.

फोर-के अडकतो त्याची नेहमीची कारणं दुसरीच असतात. पुष्कळ टीव्हींचा लॅन पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो आणि जड फाइलींचा प्रवाह काही क्षण त्यावर जातो. अशा वेळी ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय त्या केबलपेक्षा बरं. चित्ररूप सबटायटल असतील तर ती चित्रावर उमटवण्यासाठी पूर्ण ट्रान्सकोडिंग सुरू होतं, तिथे मजकूररूप एसआरटी फाइल वापरली की प्रश्न मिटतो.

"डिस्क कुठलीही, बॅकअप नको"

डिस्क कुठलीही चालत नाही. एसएमआर डिस्कमध्ये पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या असतात, मधलं थोडं बदलायचं तरी शेजारचं पुन्हा लिहावं लागतं. रिसिल्व्हरच्या सततच्या लेखनाखाली अशी डिस्क इतकी मंदावते की पूल तिला बाद करू शकतो. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबी डिस्क एसएमआर असल्याचं कंपनीने एप्रिल २०२० मध्ये मान्य केलं. आता रेड प्लस आणि सीगेटची आयर्नवुल्फ सीएमआर (पट्ट्या एकमेकींवर न चढलेल्या) आहेत. डेस्कटॉपसाठीच्या बाराकुडात एसएमआर बऱ्याच आहेत. विकत घेण्याआधी मॉडेल क्रमांक उत्पादकाच्या यादीत बघा.

नवी असो की वापरलेली, पूलमध्ये घालण्याआधी स्मार्ट लाँग टेस्ट (डिस्कची स्वतःची लांब तपासणी) आणि बॅडब्लॉक्स या प्रोग्रॅमचं लिहून-वाचून तपासणं करा. त्यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं आणि ८ टीबीला चार-पाच दिवस लागतात. १६ टीबीच्या वरच्या डिस्कला ब्लॉकचा आकार ८१९२ द्यावा लागतो. स्मार्टच्या नोंदींमधले क्रमांक ५, १९७ आणि १९८ (खराब सेक्टरचे) शून्य हवेत. १९९ (केबलवरच्या चुकांचा) वाढत असेल तर डिस्कआधी साटा केबल बदला. बाहेरच्या खोक्यातून काढलेली डिस्क फिरतच नसेल तर बहुधा पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवरचा ३.३ व्होल्ट तिला अडवतोय. ती पिन कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या विद्युतरोधक टेपने) झाका. ओतीव प्लास्टिकचे मोलेक्स-साटा जोड आग लागण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत, ते घरात आणू नका.

वीज गेली तरी झेडएफएसचा पूल सुसंगत राहतो, पण शेवटच्या पाचेक सेकंदांचं लेखन जाऊ शकतं. महाराष्ट्रात कित्येक घरी इन्व्हर्टर असतो. तो यूपीएस मोडवर ठेवला तर संगणक बंद पडत नाही, पण बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळवायला त्यात काही सोय नसते. यूएसबी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस आणि नट हा प्रोग्रॅम मिळून सर्व्हर वेळेत बंद करतात.

पॅरिटी फक्त डिस्क मरण्यापासून वाचवते. चुकून पुसलेला फोल्डर, रॅन्समवेअर, चोरी, वीज पडणं किंवा पॉवर सप्लायने एकाच फटक्यात सगळ्या डिस्क जाळणं, यांतलं काहीही ती अडवत नाही. सगळ्या सिनेमांचा बॅकअप परवडत नसेल तर त्यांची नुसती नावांची यादी जपा. कुटुंबाचे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं आणि जेलीफिनचा कॉन्फिग फोल्डर मात्र वेगळ्या डिस्कवर हवेतच. कॉन्फिग घेताना जेलीफिन आधी बंद करा, नाहीतर डेटाबेस अर्धवट कॉपी होतो. एका यूएसबी डिस्कवर वेगळा पूल बांधून महिन्यातून एकदा स्नॅपशॉट झेडएफएस सेंडने तिच्यावर पाठवा, झेडपूल एक्सपोर्ट करून ती काढा आणि दुसऱ्या घरी ठेवा. दर काही महिन्यांनी ती दुसऱ्याच मशीनवर जोडून, स्क्रब करून, एक-दोन फोल्डर उघडून बघा.